ओरिजिनलला हात लावायचा नाही

लग्नाच्या व्हिडिओचा एडिटर तुम्हाला ओळखतो, तुम्ही त्याला ओळखत नाही. इंद्रलोकच्या कोपऱ्यावर भाजीवाल्यापाशी मेथीची जुडी उलटीपालटी करत तुम्ही उभे असता आणि शेजारचा, चार दिवसांची दाढी वाढलेला एक इसम तुमच्याकडे टक लावून बघत असतो. मग एकदम म्हणतो, "काका, तुम्ही गोडदेवच्या हळदीला होतात. निळा शर्ट. आइस्क्रीम दोनदा घेतलंत." तुम्ही दचकता. तो मात्र मनापासून खूश झालेला असतो. वर आणखी जरा पुढे वाकून तुमचा चेहरा निरखत म्हणतो, "प्रत्यक्षात बरेच शार्प दिसता हो. मी तुम्हाला सातशेवीसमध्येच पाहिलंय."

भाईंदर पूर्वेला हा प्राणी मुबलक. मीरा रोड, काशिमीरा, नायगाव या पट्ट्यात मालिकांचे सेट लागलेले असतात, त्यामुळे त्या धंद्यातली माणसं आसपासच घर बघतात. आणि कामाचं म्हणाल तर लग्नांना इथे तोटा नाही. गोडदेव, नवघर, खारी ही मूळची आगरी गावं, तिथली हळद लग्नाला खाली बघायला लावते. इंद्रलोकच्या सोसायट्यांत गुजराती-मारवाडी कुटुंबांची संगीताची रात्र. पश्चिमेला उत्तनकडे ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी वाजतगाजत उंबराचं पाणी आणायला निघतात. हे सगळे लोक एरवी एकमेकांच्या दारात जायचे नाहीत, पण एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, प्लायवूडचं पार्टिशन टाकलेल्या हॉलच्या कोपऱ्यात, एकाच मशीनवर वेगवेगळ्या फोल्डरांत सुखानं नांदत असतात. त्या कोपऱ्याला 'स्टुडिओ' म्हणतात.

त्यातल्या एकाला मी जवळून पाहतो, कारण तो आमच्याच मजल्यावर राहतो. त्याला सगळे दादा म्हणतात. वॉचमन म्हणतो, बायकोचा भाऊ म्हणतो, त्याच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे असलेले वधूपितेही म्हणतात. दादा पूर्वी अंधेरीला मालिकांच्या एडिटमध्ये होता. संध्याकाळच्या विरार लोकलमधून भाईंदरला उतरणं हेच एक कसब, ते तो छातीवर हार्ड डिस्कची बॅग धरून करायचा. "बरगडी मोडली तर सांधते," असं त्याचं मत. "डिस्क नाही सांधत." पुढे त्यानं घरीच दुकान थाटलं आणि बरगड्यांना आराम मिळाला.

त्याचा कीबोर्ड बघण्यासारखा आहे. बाकी अक्षरं शाबूत, जे, के आणि एल मात्र पार पुसून गेलेली. जे म्हणजे मागे, के म्हणजे थांब, एल म्हणजे पुढे. एल दोनदा दाबलं की दुप्पट वेग. एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, ही तीन बोटं तशीच. त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी लांबण लावली की दादाच्या उजव्या हाताची अनामिका खुर्चीच्या दांडीवर दोनदा आपटते. एकदा तर तीनदा आपटली. पाण्याच्या टँकरचा हिशेब चालला होता.

त्याचं तत्त्वज्ञान एका ओळीचं आहे: ओरिजिनलला हात लावायचा नाही. नाव बदलायचं नाही, जागा बदलायची नाही, उगाच उघडूनसुद्धा बघायचं नाही. काम करायचं ते प्रॉक्सीवर.

हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगतो, न विचारता. कॅमेरा फोर-के. सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, हळद आणि लग्न मिळून पाच-पाच तास, साडेचारशे जीबी झाले, ड्रोन वेगळा. बरं, नुसतं वजन असतं तर चाललं असतं. कॅमेरा लबाड. तो प्रत्येक चित्र पूर्ण लिहीतच नाही. मध्येच एक पूर्ण लिहितो आणि पुढच्या कित्येक चित्रांच्या जागी नुसता निरोप ठेवतो, 'मागच्यासारखंच, फक्त करवलीचा हात थोडा वर.' बघताना ठीक आहे, पण एडिटरला मधलंच एखादं चित्र हवं असतं. मग ते बिचारं मशीन मागे जातं, पूर्ण चित्र शोधतं, तिथून सगळे निरोप वाचत पुढे येतं आणि तोवर दादाचा चहा संपतो. म्हणून प्रत्येक क्लिपची एक बारकी नक्कल करायची, तीच प्रॉक्सी. फोर-केच्या जागी सातशेवीस, नऊ ठिपक्यांऐवजी एक. तासाचे दोन-सव्वादोन जीबी. ती जुन्या मशीनवरही तुरुतुरु पळते. सगळं कापणं-जोडणं तिच्यावर करायचं, आणि शेवटी एक कळ दाबली की प्रत्येक नकलेच्या जागी तिचं ओरिजिनल येऊन उभं राहतं.

एवढं झाल्यावर वधूपिता विचारतात, "म्हणजे आमच्या मुलीच्या लग्नाची तुम्ही डुप्लिकेट कॉपी केलीत?"

अशा वेळी मीच मध्ये पडतो. म्हणतो, पूर्वी काही राजघराण्यांत नवरदेव स्वतः न जाता आपला खांडा पाठवायचे. मुलीचं लग्न तलवारीशी लागायचं. अक्षता तलवारीवर, माळ तलवारीला. मग नवरी सासरी गेली की तिथे ओरिजिनल जोडून मिळायचं. दादाला हे फार आवडलं. "आणि रिझोल्यूशन तेव्हा कळायचं," तो म्हणाला.

ही विद्या त्यानं अंधेरीतल्या एका उस्तादांकडून घेतली. उस्ताद फिल्मच्या जमान्यातले. तेव्हा शूटिंगची निगेटिव्ह लॅबमध्ये राहायची, तिच्यावरून रश प्रिंट निघायची आणि कात्री चालायची ती रश प्रिंटवर. तिच्यावर पेन्सिलीनं रेघा मारा, चिकटपट्ट्या लावा, विडीची राख सांडा, काही बिघडत नसे. निगेटिव्हच्या कडेला आकडे असायचे, तेच प्रिंटवर उमटायचे. सगळं कापून कायम झालं की त्या आकड्यांवरून निगेटिव्ह कापणारा माणूस पांढरे हातमोजे चढवून खऱ्या निगेटिव्हला कात्री लावायचा. एकदाच. तिथे चूक मागे घ्यायची सोय नव्हती. पुढे १९८९च्या सुमारास ॲव्हिडसारखी संगणकी यंत्रं आली, तेव्हा डिस्क इतक्या चिमुकल्या की धुरकट चित्रावर काम उरकायचं आणि मग मूळ टेपवरून पुन्हा जुळवायचं. प्रिमिअरमध्ये प्रॉक्सीची सोय आली ती २०१६ साली. त्याआधी दादा हातानंच बारक्या फाइली करायचा, त्यांना मोठ्यांचीच नावं द्यायचा आणि शेवटच्या रात्री दोन फोल्डरांची चुपचाप अदलाबदल करायचा. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर तुरुंगातून निसटलेल्या क्रांतिकारकाचं तेज येतं.

पण दादाची खरी मूर्ती पाहायची तर पडदा लाल झालेला असताना पाहावी.

प्रोजेक्टच्या फाइलीत लग्न नसतंच. तिथे फक्त पत्ते असतात. अमुक डिस्क, तमुक फोल्डर, क्लिप नंबर चौदा, सत्ताविसाव्या सेकंदापासून एकतिसाव्यापर्यंत. पत्त्यावर फाइल नसली की पडदा लाल होतो आणि 'मीडिया ऑफलाइन' असं कितीतरी भाषांत लिहून येतं, मराठी सोडून. काल सांडग्यासारखी पसरलेली सव्वाशे माणसं आज लाल. नवरी लाल, नवरा लाल, भटजी लाल. आणि कारण काय? तर कुणीतरी डिस्कची वायर काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावला, परत जोडताना दुसऱ्या भोकात घातली, आणि काल 'ई' असलेली डिस्क आज 'एफ' झाली. मुलं तीच, घर तेच, फक्त दारावरची पाटी बदलली. पण सॉफ्टवेअरला माया नसते.

आमच्याकडे या नाटकात आणखी एक पात्र आहे: डबे. भाईंदर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं. दादाच्या सासरहून आलेला डब्यांचा संच असा की आख्खं धान्याचं कोठार मावावं. पावसाळ्यात खाडीच्या हवेनं डिस्क खराब होतात, म्हणून त्यानं त्यातले सहा डबे ताब्यात घेतले. आत डिस्क, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि बाहेर पांढऱ्या पट्टीवर, 'नवघर हळद ए-कॅम', 'नवघर लग्न बी-कॅम'. दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी डबे घासले. पट्ट्या अर्थातच गेल्या.

"अहो, चिवड्याला डबा हवा होता, म्हणून दोन्ही हळदी एकात ठेवल्यात," वहिनी म्हणाल्या.

"कुठल्या दोन हळदी?"

"ते मला काय माहीत? एक काळी होती, एक निळी."

दादा मटकन खाली बसला. त्या दिवशी त्याला आम्ही पहिल्यांदा ओरिजिनल उघडून बघताना पाहिलं.

दुसरं पात्र म्हणजे बारक्या. कॅमेऱ्यावरचा पोरगा. हा उमदा, नाचणाऱ्यांच्या पोटात शिरून शॉट घेणारा, पण कार्ड रिकामं करायला कंटाळा. हल्लीचे कॅमेरे शूट करतानाच स्वतःची प्रॉक्सी काढून ठेवतात. क्लिपचं नाव सी-झिरो-झिरो-वन-फोर असेल तर तिच्या पिल्लाचं नाव तेच, शेपटीला एस-झिरो-थ्री, आणि राहायला शेजारचं फोल्डर. गो-प्रो आणि ड्रोनसुद्धा अशी पिल्लं घालतात. एका रात्री कार्ड भरलं, वरात दारात, लॅपटॉपवर जागा नाही. बारक्यानं बघितलं, एकाच नावाच्या दोन-दोन फाइली आहेत, एक अवजड, एक हलकी. चित्र तेच. त्यानं शहाणपणानं हलक्या उतरवल्या आणि कार्ड फॉरमॅट करून वरातीला पळाला.

त्या लग्नाचं ओरिजिनल जगात कुठेही नाही. दादानं तीन दिवस जेवण सोडलं. चौथ्या दिवशी त्यानं त्या धुरकट चित्रावर थोडा पिवळा रंग, थोडे दाणे आणि कडांना अंधार टाकला, त्याला 'विंटेज लुक' असं नाव दिलं आणि बिलात दोन हजार जास्त लावले. त्यानंतर लागोपाठ तीन गिऱ्हाइकं विंटेज लुक मागत आली.

मात्र सगळ्यात बहारीचं प्रकरण चुकीच्या जोडणीचं. फाइल हरवली तर पडदा निदान लाल तरी होतो. चुकीची सापडली तर काहीच होत नाही. बारक्याचा कॅमेरा प्रत्येक नव्या कार्डावर पहिल्यापासून मोजायला लागतो, त्यामुळे हळदीच्या कार्डावरही क्लिप नंबर एक, लग्नाच्या कार्डावरही क्लिप नंबर एक. सॉफ्टवेअर विचारतं, नंबर चौदा कुठे आहे? तुम्ही एकदा फोल्डर दाखवलं की बाकीचं ते स्वतः शोधून घेतं, मोठ्या आज्ञाधारकपणे. दादानं डुलकीच्या भरात हळदीचं फोल्डर दाखवलं. सगळं खटाखट जुळलं. हळदीच्या क्लिपा लांबलचक, त्यामुळे कुठे काही अपुरंही पडलं नाही. आवाज मात्र वेगळ्या रेकॉर्डरवरचा, तो लग्नाचाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मंडळी ट्रायल बघायला आली. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा खणखणीत आवाज, आणि चित्रात मांडवाच्या खांबाला मिठी मारलेले नवऱ्याचे मोठे काका. 'शुभमंगल' म्हणताना डीजेसमोर शर्ट काढून फिरवणारे चौघे. 'सावधान'वर पातेल्यात कलथा घालणारा आचारी. नवऱ्याची आई हात जोडून बसलेली, ती तशीच राहिली. दादाची बोटं के आणि जेवर थरथरत होती. कुणी काही बोलेना. शेवटी आजी म्हणाल्या, "राहू दे बाळा. खरं बघशील तर असंच झालेलं."

मी दादाचं सांत्वन करायला त्याला फाळक्यांची गोष्ट सांगितली. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात कॉरोनेशनला ३ मे १९१३ रोजी लोकांना दाखवला. पुढे १९१७ साली त्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी रिळं जपून ठेवली आहेत ती पहिल्या हरिश्चंद्राची की दुसऱ्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि १९३१च्या 'आलम आरा'ची, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाची, तर एकही प्रत उरलेली नाही. ओरिजिनल गेलं, प्रॉक्सीही नाही. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फाळकेसाहेबांकडेही कुणी बारक्या असणार."

तर अशा सगळ्या दिव्यांतून पार पडून रात्री दोनला अखेरची जोडणी होते. ओरिजिनल प्रथमच पडद्यावर येतं. दादा दिवा मालवतो. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रॉक्सी मोठ्या मनाची असते. तिच्यात सगळ्यांची कातडी गुळगुळीत, सगळे शालू भरजरी. ओरिजिनल कुणालाच माफ करत नाही. त्यात दिसतं की मामांच्या नव्या कोऱ्या शर्टच्या खिशावर '४४' असा पारदर्शक स्टिकर अजून आहे. रुखवतातल्या साखरेच्या गडावर मुंग्यांची चढाई चालू आहे. आहेराच्या मिक्सरच्या खोक्यावर दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची चिठ्ठी अर्धवट फाडलेली. नवरीच्या हातावरच्या मेंदीत नवऱ्याच्या नावातला एक काना राहिलेला. हे सगळं तीन महिने दादाच्या डोळ्यांसमोर होतं, पण नऊ ठिपक्यांच्या एका ठिपक्यात विरघळलेलं. तो एक उसासा टाकतो आणि पहाटेपर्यंत एकेका फ्रेमवर मामांच्या खिशावरचा स्टिकर पुसत बसतो. हे काम त्याच्या बिलात कुठेच नसतं. मला वाटतं, या धंद्यातली एवढीच गोष्ट तो कुणाला समजावून सांगत नाही.

मग पेनड्राइव्ह. मखमली डबीत, वर दोघांची नावं सोनेरी अक्षरांत. दादा ती डबी स्वतः नेऊन देतो, पेढा घेतो, उरलेल्या पैशांबद्दल "बघू हो, काय घाई आहे" हे ऐकतो आणि परत येतो. आल्यावर हातपाय धुऊन पहिलं काम, प्रॉक्सी उडवायची. ओरिजिनल आहे, एडिट आहे, आता नक्कल कशाला जागा अडवून?

आठवड्याभरात फोन येतोच. परवा मी तिथेच बसलो होतो. दादानं फोन स्पीकरवर टाकला, कारण दोन्ही हात कुणाच्या तरी वरातीत गुंतलेले.

"दादा, ते पेनड्राइव्ह आमच्या टीव्हीवर लागत नाही हो. नुसतं गोल गोल फिरतंय."

"काकू, टीव्ही जुना असेल. फोर-के फाइल आहे ती. जावईबापूंच्या लॅपटॉपवर लावा."

"त्याला तेवढा वेळ कुठे आहे? आणि गावाला मुलीच्या आत्याला मोबाइलवर पाठवायचंय. हे जातच नाही. तुम्ही मागे व्हॉट्सॲपवर पाठवलं होतंत ना, मध्ये आडवं तुमचं नाव लिहिलेलं? ते छान होतं. सगळे गोरे दिसत होते."

"ते सॅम्पल होतं, काकू. प्रॉक्सीवरून काढलेलं."

"जे काही असेल ते. तेच द्या. तेवढं तुमचं नाव काढून."

दादानं के दाबलं. वरात थांबली.

"ती प्रॉक्सी मी उडवली, काकू."

"मग पुन्हा करा की. तुमच्याकडे ओरिजिनल असेलच ना?"

दादानं फोन ठेवला, अनामिकेनं टेबलावर दोनदा टकटक केलं आणि पार्टिशनवरून आत हाक मारली, "अगं, नवघरचं लग्न कुठल्या डब्यात आहे?"

"शेंगदाण्यांच्या," वहिनी म्हणाल्या. "पण थांबा हां, शेंगदाणे कुठे ठेवलेत ते बघते."